एक्सबॉक्स सिरीज एक्स: तीन वर्षं मुख्यतः जुन्या डिस्क खेळून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, नवीन गेम कसे दिसतात हे वाचायचं असेल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही. मी सिरीज एक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, घेतला तोच मुळी कपाटातल्या जुन्या डिस्कसाठी. पहिल्या एक्सबॉक्सच्या काही, त्यानंतर आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या बऱ्याच, सगळ्या मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून जमवलेल्या. तीन वर्षं झाली आणि अजूनही हा कन्सोल चालू केला की निम्म्याहून जास्त वेळा जुनाच गेम लागतो, त्यामुळे त्या बाजूने काय चांगलं आहे, काय अर्धवट आहे आणि घेण्याआधी काय माहीत असायला हवं ते नीट लिहिते.

पहिली डिस्क टाकली ती प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइमची. २००३ चा गेम. आम्ही दोघं तो आळीपाळीने खेळायचो, एक मेला की कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात, आणि भाऊ उड्या मारण्यात माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता म्हणून अवघड भिंती त्याच्याकडे आणि मारामारी माझ्याकडे असं वाटूनच घेतलेलं होतं. डिस्क आत गेली, कन्सोलने ती ओळखली, थोडं डाउनलोड झालं आणि गेम सुरू. एवढंच. ना कुठली सेटिंग, ना परत विकत घ्यायचा प्रश्न. मी सोफ्यावर बसून नुसती मेनूकडे बघत राहिले कारण तो आवाज, तो रंग सगळं जसंच्या तसं होतं, फक्त कडा आता धारदार झालेल्या. त्या काळी चित्र ४८० ओळींचं असायचं, मोठ्या टीव्हीवर ते धुरकट दिसतं, पण सिरीज एक्स तेच चित्र मुळातच कितीतरी जास्त पिक्सेलमध्ये काढतो, नंतर ताणून मोठं करत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. जुना कन्सोल ४के टीव्हीला जोडून बघितलात तर कळेल मी काय म्हणतेय ते.

अर्थात भिंतीवरची, कपड्यांवरची जी चित्रं मूळ गेममध्ये कमी तपशिलाची आहेत ती तशीच राहतात, आणि मधले जे आधीच रेकॉर्ड केलेले व्हिडिओ असतात ते तर तेवढेच अस्पष्ट दिसतात कारण ते शेवटी व्हिडिओच आहेत, त्यात नव्याने काढण्यासारखं काही नसतं. खेळताना एकदम स्वच्छ चित्र आणि मध्येच धूसर व्हिडिओ, याची सवय व्हायला दोन दिवस लागतात. हा रीमास्टर, म्हणजे नव्याने सुधारून काढलेली आवृत्ती, नाही, तुमचा तोच जुना गेम आहे, आणि मला तोच हवा होता.

आता हे आतून होतं कसं ते थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय याची किंमत कळत नाही. पहिल्या एक्सबॉक्समध्ये ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल पेंटियम थ्री जातीचा प्रोसेसर होता आणि ६४ एमबी मेमरी. ३६० मध्ये मात्र आयबीएमचा तीन कोअरचा पॉवरपीसी, ३.२ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी मेमरी. म्हणजे दोन्ही यंत्रांची भाषाच वेगळी. आणि ३६० नंतरच्या एक्सबॉक्स वनपासून परत एएमडीचा, पीसीच्या जातीचा प्रोसेसर आला. त्यामुळे ३६० चा गेम नव्या कन्सोलवर तसाच कॉपी करून चालवणं शक्यच नाही, त्यातली प्रत्येक सूचना दुसऱ्या भाषेत वळवावी लागते आणि तीही खेळणाऱ्याला जाणवणार नाही इतक्या वेगात. मायक्रोसॉफ्टने काय केलं, तर सॉफ्टवेअरमध्ये अख्खा ३६० उभा केला, त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमसकट. गेमला वाटतं आपण ३६० वरच आहोत. ३६० चा गेम चालू असताना व्ह्यू आणि मेनू ही दोन बटणं एकदम दाबून बघा, ३६० चा तो जुना गाइड मेनू वर येतो! भावाला मी हे दाखवलं तेव्हा तो दहा मिनिटं नुसता तोच मेनू उघडत आणि बंद करत बसला होता.

एक्सबॉक्स वन २०१३ मध्ये आला तेव्हा यातलं काहीच नव्हतं, हे आज विसरायला होतं. जून २०१५ मध्ये घोषणा झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १०४ गेमनी सुरुवात झाली, मग ऑक्टोबर २०१७ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सचे १३ गेम आले, त्यात आमचा सँड्स ऑफ टाइम होता, निंजा गायडेन ब्लॅक होता, सायकोनॉट्स होता. एकेक गेम तपासून, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घेऊन यादी वाढवत नेली. आज ३६० चे सहाशेच्या वर आणि पहिल्या एक्सबॉक्सचे साठच्या वर गेम चालतात. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे, कारण जुना गेम दुरुस्त करून पुन्हा विकण्यात जसा सरळ पैसा आहे तसा यात नाही, ज्याच्याकडे डिस्क आहे त्याला हे फुकट मिळालं.

आणि नुसतं चालवण्यावर ते थांबले नाहीत. ऑटो एचडीआर म्हणून एक गोष्ट आहे, एचडीआर (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवणारं चित्र) यायच्या कितीतरी आधी बनलेल्या गेमलाही कन्सोल स्वतःहून उजेड-अंधाराची खोली देतो. आगीच्या ज्वाळा, सूर्य, तलवारीची चमक यात फरक ठळक दिसतो, काही गेममध्ये मात्र पडद्यावरचे पांढरे आकडे आणि अक्षरं जरा जास्तच भगभगीत होतात, तेव्हा मी ते बंद करते. क्विक रिझ्यूम जुन्या गेमलाही चालतं, म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा गेम जिथे सोडला तिथूनच काही सेकंदांत परत सुरू. लोडिंगचं तर काय सांगू, पूर्वी लेव्हल लोड होताना उठून पाणी पिऊन यायचो, आता ती लोडिंगची पाटी वाचूनही होत नाही.

फ्रेमरेटबद्दल, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्याबद्दल, जरा सविस्तर लिहिते कारण इथे लोकांचा गैरसमज असतो. कन्सोल ताकदवान आहे मग सगळे जुने गेम ६० फ्रेममध्ये का नाही चालत, असं खूप जण विचारतात. कारण बऱ्याच जुन्या गेममध्ये वेळेचा हिशोबच फ्रेमवर केलेला असतो. एका फ्रेममध्ये इतकं अंतर, एका फ्रेममध्ये इतकी झीज. फ्रेम दुप्पट केल्या की हिशोब बिघडतो. डार्क सोल्स २ पीसीवर ६० फ्रेममध्ये आला तेव्हा हत्यारं दुप्पट वेगाने झिजत होती, ते नेमकं यामुळेच. याच्या उलटं एक उदाहरण मला फार आवडतं, १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने धावतात, ते झालं कारण पडद्यावर काढायला आकृत्या कमी उरल्या की तो बिचारा प्रोसेसर मोकळा व्हायचा. यंत्राचा संथपणा गेमचा भाग होऊन बसला. म्हणून जुना गेम नव्या यंत्रावर आणताना नुसता पळवून चालत नाही, बरोबर चालीने चालवावा लागतो. त्यामुळे सिरीज एक्समध्ये एफपीएस बूस्ट, म्हणजे फ्रेम वाढवायची सोय, सरसकट सगळ्यांना नाही, तपासून निवडलेल्या गेमनाच दिलाय, आणि जिथे दिलाय तिथे, उदाहरणार्थ फॉलआउट ४ मध्ये, ३० चे ६० होतात आणि हाताला लगेच कळतं. जे गेम मुळात ३० लाच बांधलेले होते आणि ज्यांना बूस्ट नाही ते ३० वरच राहतात, पण मूळ कन्सोलवर जिथे अडखळत २० वर यायचे तिथे आता अडखळत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला तेवढं पुरतं.

आता सेव्हची, म्हणजे गेम कुठवर खेळलाय त्या नोंदीची गोष्ट, जी माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे.

आमचा जुना ३६० एकदा दुरुस्तीला दिला होता आणि दुरुस्ती करणाऱ्याने न विचारता हार्डडिस्क पुसून टाकली. सगळे सेव्ह गेले. भावाचा मास इफेक्टचा सेव्ह त्यात होता, आणि ज्यांनी ती तीन भागांची मालिका खेळलीय त्यांना माहितीये की पहिल्या भागात तुम्ही कोणाला वाचवलं आणि कोणाला नाही ते तिसऱ्या भागापर्यंत तुमच्याबरोबर येतं, म्हणजे तो सेव्ह गेला की निर्णयांची अख्खी साखळीच गेली. तो त्या दिवशी जेवला नाही. नंतर कितीतरी वर्षांनी सिरीज एक्सवर त्याचं अकाउंट उघडून मास इफेक्ट लावला आणि कन्सोल क्लाउडमधून काहीतरी आणत बसला, आम्हाला वाटलं अपडेट असेल. तो सेव्ह होता! त्याने कधीतरी ३६० वर असताना क्लाउडवर एक कॉपी ठेवली होती आणि तो स्वतःच विसरून गेला होता. त्याचा शेपर्ड, म्हणजे त्या गेमचा नायक, त्याच त्या चेहऱ्यावरच्या जखमेसकट, जिथे सोडला होता तिथे उभा. मी आजपर्यंत कुठल्याही नवीन गेमच्या ग्राफिक्सने इतकी हललेली नाहीये. म्हणून ज्यांचा ३६० अजून चालू आहे त्यांनी आजच तो उघडून सेव्ह क्लाउडवर टाका, उद्यावर ढकलू नका, जुन्या हार्डडिस्क सांगून बंद पडत नाहीत.

आता जे खटकतं ते.

सगळ्यात महत्त्वाचं, डिस्क ही फक्त किल्ली आहे. पहिल्या एक्सबॉक्सचा किंवा ३६० चा गेम असेल तर कन्सोल डिस्कवरून गेम वाचून चालवत नाही, तो फक्त ओळखतो की तुमच्याकडे ही डिस्क आहे आणि मग त्या गेमचं तयार केलेलं पॅकेज इंटरनेटवरून उतरवतो. खेळताना प्रत्येक वेळी डिस्क आत हवीच, पण खरा गेम सर्व्हरवरून आलेला. म्हणजे तो सर्व्हर जोवर आहे तोवर हे सुख आहे. माझ्या डोक्यात हा विचार सतत असतो. मी सगळे गेम एका यूएसबी हार्डडिस्कवर उतरवून ठेवलेत (जुने गेम बाहेरच्या साध्या हार्डडिस्कवरून थेट चालतात, खास सिरीज एक्ससाठी बनलेल्या गेमनाच आतली एसएसडी किंवा ते वेगळं कार्ड लागतं) आणि तुम्हीही तसंच करा, वेळ लागतो पण एकदाच लागतो.

दुसरं, यादी बंद झालीय. नोव्हेंबर २०२१ मध्ये सत्तरच्या वर गेमची शेवटची खेप आली, मॅक्स पेन वगैरे त्यातच आले, आणि त्याच वेळी मायक्रोसॉफ्टने सांगितलं की परवाने, कायदेशीर बाबी आणि तांत्रिक मर्यादा यामुळे आता पुढे भर पडणार नाही. गेम बनवणारा स्टुडिओच बंद पडला असेल, गेममधल्या गाण्यांचा किंवा गाड्यांचा करार संपला असेल, तर परवानगी मागायची कोणाकडे? फोर्झा होरायझन ४ सारखा त्यांचा स्वतःचा गेमही डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला. ज्यांच्याकडे आधीपासून आहे ते खेळू शकतात, नव्याने मात्र दुकानातून डिजिटल मिळत नाही. तर घेण्याआधी तुमच्या डिस्कची नावं यादीत एकेक करून बघा. पहिल्या एक्सबॉक्सचे तर शेकडो गेम बाहेरच राहिलेत, गंमत म्हणजे ३६० वर त्यातले साडेचारशेच्या वर चालायचे, त्यामुळे काही गेमसाठी नवा कन्सोल नाही तर मधलाच उपयोगी पडतो.

तिसरं, जे गेम विशिष्ट वस्तूवर अवलंबून होते ते गेले. किनेक्ट, म्हणजे शरीराच्या हालचाली टिपणारा कॅमेरा, सिरीज एक्सला चालतच नाही. ३६० चे कंट्रोलर चालत नाहीत, एक्सबॉक्स वनचे मात्र मस्त चालतात. पहिल्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर काळं आणि पांढरं अशी दोन छोटी बटणं असायची, ती आता वरच्या दोन बंपरवर आलीत, हाताला ते उलट जास्त सोयीचं पडतं. पण स्टील बटालियनसारखा सुमारे ४० बटणांचा आख्खा डॅशबोर्ड घेऊन आलेला गेम कुठे बसणार यात, तो त्याच्या काळातच राहिला.

आणि ऑनलाइन खेळायचं असेल तर तो भाग बहुतेक ठिकाणी संपलेला आहे, ३६० वरच्या हेलो या गेमच्या मालिकेचे सर्व्हर जानेवारी २०२२ मध्येच बंद झाले.

विकत घेताना एक चूक मात्र करू नका. सिरीज एस या लहान भावंडात डिस्क ड्राइव्ह नाही. २०२४ मध्ये सिरीज एक्सचंही एक पांढरं, ड्राइव्ह नसलेलं मॉडेल आलंय. तुमच्याकडे डिस्क असतील तर हे दोन्ही तुमच्यासाठी नाहीत, कितीही आकर्षक वाटले तरी. जुने गेम डिजिटलच घेतलेले असतील तर चालेल, ३६० चं स्वतःचं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं तरी जे गेम नव्या कन्सोलवर चालतात ते नव्या स्टोअरवर मिळतात, पण एस वर एक्सबॉक्स वनचे गेम त्याच्या वन एक्स या ताकदवान मॉडेलच्या ४के वाल्या रूपात नाही तर वन एस या साध्या मॉडेलच्या रूपात चालतात हेही ध्यानात असू द्या.

बाकीच्यांशी तुलना करायची तर प्लेस्टेशन ५ हा पीएस४ च्या (प्लेस्टेशन ४ च्या) गेमसाठी उत्तम आहे, चार हजारांच्या वर गेम आणि त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त चालतात, ड्राइव्ह असेल तर डिस्कही चालते. पण त्याच्या मागे भिंत आहे. पीएस१, पीएस२, पीएस३ च्या डिस्क त्यात घालून उपयोग नाही. वाईट याचं वाटतं की हीच गोष्ट सुरुवातीला प्लेस्टेशननेच इतकी छान केली होती, पीएस२ मध्ये पीएस१ चा प्रोसेसर आतच होता, एरवी तो इनपुट-आउटपुटचं काम करायचा आणि जुनी डिस्क टाकली की आपलं मूळ काम करायला लागायचा, काय सुंदर विचार आहे! २००६ च्या पहिल्या पीएस३ मध्येही पीएस२ च्या चिप होत्या, मग पुढच्या मॉडेलमधून एकेक करत काढल्या. पीएस३ चा सेल प्रोसेसर इतका विचित्र घडणीचा आहे की त्याचे गेम आजही प्लेस्टेशनवर स्ट्रीमिंगनेच मिळतात, आणि उडी मारायच्या गेममध्ये स्ट्रीमिंगचा उशीर मला सहन होत नाही. निन्टेन्डोचं म्हणाल तर स्विच २ जवळपास सगळे स्विचचे गेम चालवतो, फक्त रिंग फिटसारख्या, हातात रिंग धरून खेळायच्या गेमला जुनेच जॉय-कॉन (स्विचचे कंट्रोलर) लागतात कारण नवे त्या रिंगमध्ये बसत नाहीत. पण निन्टेन्डोच्याच जुन्या वी यू आणि ३डीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली आणि तिथे विकत घेतलेलं स्विचवर येत नाही. चार पिढ्यांची डिस्क एकाच पेटीत आणि तीही बऱ्याचदा जास्त चांगली दिसणार, असं आज फक्त सिरीज एक्समध्ये आहे.

हे सगळं एवढं का महत्त्वाचं, तर २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अमेरिकेतल्या बाजाराचा अभ्यास करून सांगितलं की २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. सत्त्याऐंशी! पुस्तक जुनं झालं तरी वाचता येतं, गेमला मात्र त्याचं यंत्र लागतं, आणि यंत्र मेलं की गेम असून नसल्यासारखा.

टीव्हीबद्दल एक सूचना, जुने गेम वेळेच्या बाबतीत फार काटेकोर असतात, निंजा गायडेन ब्लॅकमध्ये क्षणभर उशीर झाला की मेलातच, त्यामुळे टीव्हीचा गेम मोड, जो चित्र दिसायला लागणारा उशीर कमी करतो, चालू आहे का ते आधी बघा. मी पहिला आठवडा तो न लावता खेळले आणि वाटत राहिलं की हात मंदावले.

जुना ३६० मी विकलेला नाही, यादीत नसलेल्या डिस्कसाठी तो खालच्या खणात जोडलेलाच आहे. भाऊ महिन्यातून एकदा येतो तेव्हा मात्र सिरीज एक्सच लागतो. सध्या क्रिमसन स्काइज हा विमानांच्या लढाईचा गेम चालू आहे, स्क्रीनचे दोन भाग करून एकमेकांची विमानं पाडतो, त्याचे सतरा आणि माझे बावीस सामने जिंकून झालेत, येत्या रविवारी पुढचे.